देशाची प्रगती आकड्यांतून कशी वाचायची: भारताचं उदाहरण घेऊन

सुरुवात कोऱ्या एक्सेल शीटने करा आणि सात रकाने आखा: निर्देशक, आकडा, एकक, वर्ष, व्याख्या, कुणी मोजला, आधीचा आकडा. ‘व्याख्या’चा रकाना भरता येत नसेल तर तो आकडा बाजूला ठेवा. वादावादीत फेकले जाणारे निम्मे आकडे इथेच गळतात.

जीडीपी: आधी किमती वेगळ्या काढा

स्थूल देशांतर्गत उत्पादन (जीडीपी), म्हणजे देशाच्या हद्दीत तयार झालेल्या वस्तू-सेवांची एकूण किंमत, दोन प्रकारे मिळतं: चालू किमतींना (त्या त्या वर्षीच्या) आणि स्थिर किमतींना (एका ठरलेल्या वर्षाच्या). मे २०२५ च्या अंदाजानुसार भारताचा चालू किमतींचा जीडीपी २०२३-२४ मध्ये ३०१.२३ लाख कोटी रुपये होता, तो २०२४-२५ मध्ये ३३०.६८ लाख कोटी झाला. म्हणजे वाढ ९.८ टक्के. २०११-१२ च्या किमतींना मोजलं तर तो १७६.५१ वरून १८७.९७ लाख कोटींवर गेला, म्हणजे ६.५ टक्के. खरी वाढ ही दुसरी. पहिल्या आकड्यात महागाई मिसळलेली असते.

आता पहिल्या प्रकारातली पट दुसऱ्यातल्या पटीने भागा: १.०९७८ ÷ १.०६४९ = १.०३०९. म्हणजे जीडीपीच्या हिशेबात महागाई ३.१ टक्के धरली गेली. त्याच वर्षी किरकोळ महागाई मात्र सरासरी ४.६ टक्के होती. यात कुणी लबाडी केलेली नाही. किरकोळ महागाईच्या तेव्हाच्या, २०१२ च्या टोपलीत (महागाई मोजायला निवडलेल्या वस्तूंच्या यादीत) जवळपास ४६ टक्के वजन खाण्यापिण्याचं होतं, तर जीडीपीत यंत्रं, बांधकाम, निर्यात सगळंच येतं आणि त्यातल्या बऱ्याच भागाला घाऊक किमती लावल्या जातात. ‘वाढ साडेसहा टक्के, मग घरखर्च का भागत नाही?’ या प्रश्नाचं थोडं उत्तर या फरकात आहे. महागाईच्या या दोन आकड्यांत फारच अंतर पडलं तर त्या वर्षीच्या वाढीच्या दरावर फार भार टाकू नका.

वाढीचा दर कशाच्या तुलनेत आहे, हेही पाहा. एप्रिल-जून २०२१ च्या तिमाहीत जीडीपी २०.१ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं. पण आदल्या वर्षी, टाळेबंदीत, त्याच तिमाहीत तो २४.४ टक्क्यांनी घसरला होता. १०० चे झाले ७५.६, आणि त्यावर २०.१ टक्के वाढ म्हणजे ९०.८. दोन वर्षांपूर्वीच्या पातळीपेक्षा उत्पादन नऊ टक्क्यांहून जास्त कमी, आणि मथळा विक्रमी वाढीचा! म्हणून दराशेजारी पातळीही लिहायची, आणि शक्यतो पाच-दहा वर्षांची सरासरी वार्षिक वाढ काढायची.

‘देशांतर्गत’ या शब्दालाही अर्थ आहे. २०१५ मध्ये आयर्लंडचा जीडीपी एका वर्षात सुमारे २६ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं. त्यामागचं मोठं कारण बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तिथे हलवली हे होतं. आयरिश माणसाचा पगार काही त्या प्रमाणात वाढला नाही. परदेशी कंपन्यांचा किंवा परदेशातून येणाऱ्या पैशांचा वाटा मोठा असेल, तिथे जीडीपीऐवजी स्थूल राष्ट्रीय उत्पन्न घ्या, म्हणजे देशातल्या रहिवाशांचं उत्पन्न, मग ते देशात मिळालेलं असो की परदेशातून आलेलं.

दरडोई काढताना छेद तपासा

३३०.६८ लाख कोटींना साधारण १४१ कोटींनी भागलं की माणशी वर्षाला दोन लाख ३४-३५ हजार रुपये येतात. यातले १४१ कोटी मात्र मोजलेले नाहीत. शेवटची जनगणना २०११ ची, त्यानंतरची लोकसंख्या म्हणजे अंदाज. शिवाय ही सरासरी आहे, कुणाच्या हातात पडणारा पैसा नव्हे.

देशादेशांची तुलना दोन कामांसाठी होते आणि त्यांची मापं वेगळी. आयात, परकीय कर्ज, शस्त्रखरेदी यांसाठी बाजारातल्या विनिमय दराने डॉलर काढा. राहणीमानासाठी क्रयशक्ती समतेचे डॉलर घ्या, म्हणजे त्या देशातल्या किमतींना पैशात किती वस्तू येतात त्यावरून काढलेले, कारण पुण्यातलं केस कापणं न्यूयॉर्कच्या दराने मोजण्यात अर्थ नाही. एकाच तक्त्यात दोन्ही मापं मिसळली की तक्ता फुकट गेला.

मग माणसांकडे वळा

देशाबद्दल एकच आकडा मिळणार असेल तर जीडीपी सोडून अर्भक मृत्युदर मागावा. हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत किती बाळं दगावली, एवढंच तो सांगतो. पण त्यात आईचा आहार, पिण्याचं पाणी, रस्ता, रात्री दोन वाजता दवाखान्यात परिचारिका आहे की नाही, हे सगळं येतं. भारतात तो १९७१ मध्ये १२९ होता, २०२० मध्ये २८. त्याच २०२० मध्ये केरळात ६, महाराष्ट्रात १६, मध्य प्रदेशात ४३. देशाच्या सरासरीत किती वेगवेगळे देश दडलेत ते इथे दिसतं. गोव्यासारख्या छोट्या राज्यात जन्मच कमी, त्यामुळे दोन-चार मृत्यूंनी दर वरखाली होतो. तिथे तीन वर्षांचा एकत्रित दर पाहावा.

पैसा आणि पोषण यांतलं अंतर पाहायचं तर महाराष्ट्राचा खुजेपणाचा आकडा काढा. राज्यांमधली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था आपली, पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी होती. देशाची सरासरी ३५.५, केरळची २३.४.

मानव विकास निर्देशांक स्वतः मांडून बघा

हा निर्देशांक आरोग्य, शिक्षण आणि उत्पन्न एकत्र करून ० ते १ मध्ये मोजतो. स्पर्धा परीक्षेवाले यातला क्रमांक पाठ करतात, गणित क्वचितच करतात. २०२५ च्या अहवालात भारताचे २०२३ चे आकडे असे: आयुर्मान ७२ वर्षं, अपेक्षित शालेय वर्षं (आज शाळेत जाणारं मूल एकूण किती शिकेल) १३, सरासरी शालेय वर्षं (मोठी माणसं किती शिकली) ६.९, दरडोई राष्ट्रीय उत्पन्न ९,०४७ क्रयशक्ती डॉलर. खालच्या गणितातले २०, ८५, १८, १५, १०० आणि ७५,००० हे निर्देशांकाने ठरवलेले किमान-कमाल आकडे आहेत.

आरोग्य: (७२ − २०) ÷ (८५ − २०) = ०.८००.
शिक्षण: १३ ÷ १८ आणि ६.९ ÷ १५ यांची सरासरी = ०.५९१.
उत्पन्न: ९,०४७ ÷ १०० चा नैसर्गिक लॉग भागिले ७५,००० ÷ १०० चा नैसर्गिक लॉग = ०.६८१.

तिघांचा गुणाकार करून घनमूळ काढा: ०.६८५. अहवालातला आकडा हाच, १९३ देशांत १३० वा क्रमांक.

आता शीटमध्ये फक्त उत्पन्न दुप्पट करा. निर्देशांक ०.७१९ होतो. उत्पन्न पूर्ववत करून सरासरी शालेय वर्षं ६.९ ची १० करा: ०.७२३! तीन वर्षं जास्तीची शाळा उत्पन्न दुप्पट होण्याहून भारी पडते, कारण उत्पन्नाला लॉग लावलेला आहे (उत्पन्न जितकं जास्त, तितका पुढच्या डॉलरचा परिणाम कमी) आणि भारताची सर्वांत दुबळी बाजू शिक्षणाची आहे. मात्र सरासरी शालेय वर्षं पंचविशीपुढच्या लोकांची मोजतात. आज पहिलीत बसलेलं मूल त्यात दिसायला दोन दशकं लागतील, त्यामुळे या आकड्यावरून चालू सरकारची परीक्षा घेऊ नका.

रोजगार, गरिबी, विषमता: इथे व्याख्याच आकडा ठरवते

श्रमबल सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षांवरच्या महिलांचा श्रमबल सहभाग (काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या किती) २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७. ही वाढ १८.४ टक्केबिंदूंची, म्हणजे दोन टक्केवारींची वजाबाकी; ‘१८ टक्के वाढ’ असं लिहिलंत तर चूक. पुढे जाऊन या बायका काय काम करतात ते पाहा. काम करणाऱ्या महिलांपैकी दोन-तृतीयांश स्वयंरोजगारात आहेत, आणि त्यात घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणाऱ्याही मोजल्या जातात. बेरोजगारीचंही तसंच: २०२३-२४ चा ३.२ टक्के हा दर वर्षभराच्या नेहमीच्या स्थितीवरून काढलेला. गेल्या आठवड्याच्या स्थितीवरून तोच दर ४.९ येतो.

गरिबीत आधी रेषा विचारा. जागतिक बँकेने जून २०२५ मध्ये रोजची २.१५ डॉलरची रेषा बदलून ३ डॉलर केली. भारताचा २०२२-२३ चा आकडा जुन्या रेषेने २.३ टक्के, नव्याने ५.३ टक्के. ‘गरिबी दुपटीहून वाढली’ असं कुणी म्हणालं तर त्याने दोन रेषा एकत्र केल्यात, एवढं लक्षात घ्या.

विषमता मोजणाऱ्या गिनी गुणांकात (० म्हणजे सगळे समान, १०० म्हणजे सगळं एकाकडेच) फसगत याहून मोठी. भारताचा २५.५ हा आकडा खर्चावरून काढलाय, अमेरिकेचा चाळिशीतला उत्पन्नावरून. श्रीमंत माणूस कमावतो त्या प्रमाणात खर्च करत नाही, उरलेलं साठवतो. त्यामुळे खर्चाची विषमता सहसा कमी दिसते. असे दोन देश एका यादीत लावून क्रमांक काढणं म्हणजे किलोची लिटरशी तुलना.

शीटला शेवटी आठवा रकाना जोडा: आकडा जाहीर झाल्याची तारीख. जीडीपीचे आकडे पुढे अनेकदा सुधारले जातात. तुम्ही मे महिन्यात लिहून ठेवलेला दर पुढच्या फेब्रुवारीत दुसराच दिसला, तर कुठला जुना हे त्या तारखेवरूनच कळेल.