खाडीकाठची भटकंती: रविवार नव्हे, तिथी बघून निघा

कोकणात मुलांबरोबर नदीकाठी चालायचं तर डोंगर चढायची गरज नाही. शास्त्री घ्या, काजळी घ्या, मुचकुंदी घ्या. समुद्राजवळ आली की नदीची खाडी होते आणि काठाने भरतीचं खारं पाणी अडवणारे खारभूमीचे बांध लागतात. एका हाताला खाजण, म्हणजे बांधाआडची खारजमीन, दुसऱ्या हाताला तिवरांची झाडं. वाट सपाट. सहा वर्षांचं पोरही तीन-चार किलोमीटर कुरकुर न करता चालतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत जा. पाणी, टोपी, डबा. पायात जुने, नाडीचे बूट. चपला चिखलात रुतून बसतात आणि अनवाणी गेलात तर खडकाला चिकटलेली धारदार शिंपल्यांची कालवं तळवा चिरतात. बांध कुणाच्या तरी शेताला लागून असतो, म्हणून आधी गावात विचारा.

आता वेळेचं. ‘पहाटे निघा, ऊन लागत नाही’ हा सल्ला जो तो देतो. गडावर जाणाऱ्याला तो ठीक आहे. खाडीवर त्यानेच मला अडकवलं. दोन्ही मुलं बरोबर होती. सकाळी आठला एक वहाळ, म्हणजे ओढा, ओलांडला, पाणी घोट्याएवढं. साडेअकराला परत आलो तर त्याच जागी माझ्या कमरेच्या वर पाणी. पलीकडे मुळे, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, काढून परतणारी एक आजी हसली, “आज पुनव नाय काय?” तीन वाजेपर्यंत एका आंब्याखाली बसून राहिलो. धाकट्याने तेवढ्यात डबा संपवला, वर पाणीही.

कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा; येईल तो पूर्ण भरतीचा अंदाजे तास, सकाळचाही आणि संध्याकाळचाही. पौर्णिमेनंतर पुन्हा १ पासून मोजायचं. सप्तमीला ७ त्रिक २१, भागिले ४, म्हणजे सव्वापाच. तिथून सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, साडेअकराच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला मात्र भरती सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास येते, आणि तीही उधाणाची, म्हणजे सगळ्यांत मोठी. म्हणून पोरांना न्यायचं तर पंचमी ते सप्तमी, शुद्ध असो वा वद्य. सकाळभर पाणी उतरत असतं. अष्टमीकडे भांगाचे, म्हणजे लहान भरतीचे, दिवस येतात, त्यामुळे पाण्याची चढउतारही कमी. रविवारी यातली तिथी नसेल तर त्या रविवारी घरी बसा.

हा हिशेब समुद्रकाठचा आहे, हे लक्षात ठेवा. मुखापासून जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. खूप आत तासाभराहूनही जास्त फरक पडतो. म्हणून वहाळ ओलांडण्याआधी पाण्याच्या कडेला एक काठी रोवा आणि दहा मिनिटं थांबा. काठी कोरडी पडली तर पुढे जा. काठीचं बूड बुडालं तर मागे फिरा, पोरं कितीही रडू देत. वाहत्या पानांकडे बघून ‘पाणी अजून समुद्राकडेच जातंय’ म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. प्रवाह उलटण्याआधीच पातळी चढायला लागलेली असते.

साकव, म्हणजे छोटा पादचारी पूल, असेल तर दोन किलोमीटरचा वळसा पडला तरी साकवानेच जा. बांधाची उघाडी, म्हणजे पाणी सोडायची दारं, जिथे असेल तिथे मुलांचे हात धरा; दारांपाशी पाण्याला ओढ असते. वाशिष्ठीवर तर मुलांना पाण्यात पाय सोडून बसूच देऊ नका. तिथे मगरी आहेत. शिवाय कोयनेच्या वीजनिर्मितीचं पाणी त्याच नदीत येतं.

पुढचं चालणं आपोआप होतं. खंड्या पक्षी, चिखलात उड्या मारणारे निवट्या मासे, पोरांना एवढं पुरतं.

परतीची वेळ मात्र सुकतीवरून ठरवा, भुकेवरून नाही. जेवायला बसाल तिथेही कडेला काठी रोवून ठेवा. तिच्याभोवती पाणी आलं की घावणे अर्धे उरले असले तरी डबा बंद करा.