घराबाहेर मोशन सेन्सर कुठे आणि कसा लावावा

घराबाहेरचा मोशन सेन्सर, म्हणजे हालचाल दिसली की दिवा लावणारं उपकरण, बिघडून बंद पडतो त्यापेक्षा जास्त वेळा वैतागून बंद केला जातो. मांजर गेलं की दिवा, फांदी हलली की दिवा, शेजारच्यांचा दूधवाला आला की दिवा. आठवड्याभरात घरातलंच कुणीतरी बटण बंद करतं आणि मग ते बंदच राहतं. म्हणून कंपनी आणि किंमत बघण्याआधी सेन्सर कुठे बसणार आणि कुठे बघणार, हे ठरवा. नीट जागी लावलेला साधा सेन्सर चुकीच्या जागी लावलेल्या महागड्या सेन्सरपेक्षा बरं काम करतो.

तो बघतो कसा?

इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारे बहुतेक सेन्सर पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) प्रकारचे, म्हणजे अंगाची उष्णता ओळखणारे असतात. पुढचं दुधी, बारीक खाचांचं प्लास्टिक ही त्याची लेन्स. ती समोरची जागा जपानी पंख्याच्या घड्यांसारख्या पट्ट्यांमध्ये विभागते. अंगाची उष्णता एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली की आतला स्विच लागतो. त्यामुळे आडवा जाणारा माणूस त्याला चटकन कळतो, थेट त्याच्याकडे चालत येणारा उशिरा कळतो. सगळ्या मांडणीचं मर्म एवढंच आहे. गेटकडे तोंड करून सेन्सर लावायचा मोह सगळ्यांना होतो. पण गेटमधून आत येणारा सरळ सेन्सरकडेच येतो, म्हणजे नेमका त्याला उशिरा कळणाऱ्या दिशेने.

उष्णतेवर चालत असल्याने एप्रिल-मेमध्ये तो थोडा मंदावतो. दिवसभर तापलेली भिंत आणि माणसाचं अंग यांच्या तापमानात फारसा फरक राहत नाही, मग खोक्यावर १२ मीटर लिहिलं असलं तरी प्रत्यक्षात पल्ला कमी पडतो. आणखी एक, काचेतून त्याला काहीच दिसत नाही. खिडकीच्या आत ठेवून बाहेरची राखण होईल, या भ्रमात राहू नका.

दुसरा प्रकार मायक्रोवेव्हचा, बहुतेक ५.८ गिगाहर्ट्‌झचा. तो काच, प्लायवूड आणि पातळ भिंतीतूनही हालचाल पकडतो. घरं एकमेकांना खेटून असलेल्या आपल्या वस्त्यांमध्ये हा गुण नसून डोकेदुखी आहे. शेजारी घरात फिरले तरी तुमचा दिवा लागेल आणि पागोळ्यांच्या धारांनीही लागेल. उघड्यावर साधा पीआयआर घ्या. फारच त्रास असेल तर दोन्ही तंत्रं असलेला ड्युअल सेन्सर घ्या, त्यात दोघांनी एकदम होकार दिल्याशिवाय काही होत नाही.

पायरी १: अंधारात घराभोवती चक्कर मारा

ड्रिल हातात घेण्याआधी रात्री दहानंतर बाहेर या आणि आत शिरायचंच असेल तर माणूस कुठून येईल, ते बघा. नवी मुंबईत कोपरखैरणे, ऐरोलीच्या सिडकोच्या रो-हाऊसमध्ये पुढचा ओटा रस्त्यावरच्या दिव्याने उजळलेला असतो. अंधार असतो तो मागच्या बोळात आणि गच्चीच्या जिन्यावर. ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत कंपाउंड वॉल आणि इमारतीमधली चिंचोळी पट्टी बघा. फ्लॅट तळमजल्यावर किंवा पहिल्या मजल्यावर असेल, तर ड्राय बाल्कनीजवळून जाणारे सांडपाण्याचे पाइप आणि खालच्या मजल्याचा छज्जा आधी तपासा.

या वाटेवर अशी जागा शोधा, जिथे माणसाला आडवं जाण्यावाचून गत्यंतर नाही. सेन्सरची नजर तिथे हवी. जपायची वस्तू त्याच्या नजरेत आली नाही तरी चालेल. बोळ असेल तर बोळाच्या टोकाला लावून लांबवर बघायला लावू नका. बोळात शिरण्याच्या तोंडावर, बाजूच्या भिंतीवर, वाटेला आडवं बघेल असा लावा. पाइपवरून चढणाऱ्यासाठी कर्टन प्रकारचा सेन्सर मिळतो. त्याची नजर पडद्यासारखी अरुंद असते. तो भिंतीच्या एका टोकाला बसवला की खिडक्यांसमोरून पडदा टाकल्यासारखं होतं आणि ग्रिलला हात घालणाऱ्याला तो पडदा ओलांडावाच लागतो.

इथेच शेजाऱ्यांचाही विचार करा. बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखली. तिच्यात साधारण सात-सात घरं मिळून ८ मीटर बाय ८ मीटरचं एक सामायिक अंगण आहे. तुमच्या सेन्सरचा पल्ला १०-१२ मीटर, म्हणजे अंगणात कुणीही पाऊल टाकलं की तुमचा दिवा लागणार. अशा ठिकाणी सेन्सर खाली झुकवा, लेन्सची अंगणाकडची बाजू झाका आणि नजर स्वतःच्या ओट्यापुरती ठेवा. झाकायला बऱ्याच सेन्सरसोबत प्लास्टिकची पट्टी येते. नसेल तर काळी इन्सुलेशन टेप चालते.

पायरी २: उंची आणि शेजारी काय नको

जमिनीपासून २ ते २.५ मीटर, म्हणजे साधारण साडेसहा ते आठ फूट. यापेक्षा वर गेलात तर भिंतीलगतची जागा नजरेतून सुटते, खाली आलात तर येता-जाता कुणीही तोंड फिरवून ठेवेल.

एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा समोर येता कामा नये. वाळत घातलेले कपडे, पिंपळ-बदामाच्या फांद्या, वाऱ्याने थरथरणारा पत्रा, हे सगळं नजरेबाहेर ठेवा. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन लेन्सवर पडणार नाही, अशी दिशा निवडा. पत्र्याच्या शेडच्या खांबावर सेन्सर लावू नका, खांब हलला की सेन्सरच्या लेखी सगळं जगच हललं.

दिवा सेन्सरच्या नजरेत ठेवू नका. दिवा विझून थंड होताना सेन्सरला तो बदल हालचाल वाटू शकतो, आणि मग लागणं-विझणं रात्रभर चालतं. दोघांत मीटरभर तरी अंतर ठेवा. यामागे पालीचंही कारण आहे. दिव्याभोवती किडे जमतात, किड्यांच्या मागे पाल येते आणि लेन्सवर बसलेली बोटभर पाल सेन्सरला माणसाएवढी दिसते. पांढऱ्या-निळसर दिव्यापेक्षा पिवळसर एलईडीवर किडे कमी येतात.

पायरी ३: वायरिंग

घरच्या विजेची सवय नसेल तर हे काम लायसन्स असलेल्या वायरमनकडून करून घ्या. तो काय करतोय, हे मात्र तुम्हाला कळायला हवं.

मेन बोर्डातला त्या लाइनचा एमसीबी (लाइन तोडणारा स्विच) पाडा आणि टेस्टरने वीज नसल्याची खात्री करा. सेन्सरमधून तीन वायरी येतात. एक फेज, एक न्यूट्रल आणि तिसरी दिव्याकडे जाणारी. रंग कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे पाठीवरची आकृती बघूनच जोडा. दिव्याचा न्यूट्रल थेट न्यूट्रलला आणि फेज मात्र सेन्सरमधून आलेल्या तिसऱ्या वायरीला. जुन्या घरांत बाहेरच्या बटणाच्या बोर्डात न्यूट्रल आलेलाच नसतो, आणि सगळं काम तिथे अडतं. तशा वेळी नवी वायर ओढावी लागते. अर्थिंगमधून न्यूट्रलचं काम भागवू देऊ नका, वायरमन कितीही म्हणाला तरी.

बाहेरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच, असावा. सेन्सरवर दिव्याच्या वॅटची मर्यादा लिहिलेली असते. साध्या बल्बसाठीचा आकडा मोठा आणि एलईडीसाठीचा बराच लहान असतो. आपल्याला लहान आकडाच बघायचा आहे.

पायरी ४: पावसाची तयारी

खाडीकडून येणारा पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो, हे वाशी-नेरुळकरांना सांगायला नको. सेन्सरवरचा आयपी आकडा म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा. छज्ज्याखाली आयपी ४४ चा सेन्सर निभावतो. उघड्या भिंतीवर आयपी ६५ पेक्षा कमी घेऊ नका.

वायर सेन्सरमध्ये खालून घ्या आणि घेण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलाच्या बुडाशी टपकेल, आत जाणार नाही. सिलिकॉन वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना लावा, खालची कड मोकळी सोडा. चारही बाजू बंद केल्या तर आत साचलेला ओलावा बाहेर पडायला जागाच राहत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. खाऱ्या हवेत सोबत आलेले स्क्रू लवकर गंजतात आणि मग भिंतीवर तांबडे ओघळ उतरतात.

सोलरवर चालणारा दिवा-सेन्सर लावायला सोपा, वायरिंगची कटकट नाही. पण जुलैत सलग ढग राहिले की बॅटरी पुरेशी भरत नाही. जिन्याखालच्या कोपऱ्याला तो चालेल, एकमेव राखण म्हणून नाही.

पायरी ५: खटके जुळवा आणि चालून बघा

सेन्सरच्या बुडाशी सहसा टाइम (दिवा किती वेळ राहील) आणि लक्स (किती अंधार पडल्यावर लागेल) असे दोन गोल खटके असतात, काहींना सेन्स (सेन्सर किती संवेदनशील) हा तिसराही. चाचणीसाठी टाइम सगळ्यात कमी आणि लक्स सूर्याच्या चिन्हावर ठेवा. वीज चालू केल्यावर मिनिटभर थांबा. सुरुवातीला दिवा आपोआप लागून विझतो, तो बिघाड नाही. महावितरणची वीज जाऊन परत आली की मध्यरात्रीही हेच होतं. घरातल्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर आजी उगाच घाबरून बसतील.

आता दुसऱ्या कुणाला तरी चालायला लावा आणि दिवा जिथे लागतो तिथे खडूने खूण करा. आडवं, तिरकं, सरळ, आणि मुख्य म्हणजे हळू चालायचं. एकदा रेनकोट घालून चाला. अंगाची उष्णता झाकली जाते आणि खुणा कशा जवळ सरकतात ते दिसतं. खुणा हव्या तिथे आल्या नाहीत तर आधी तोंड थोडं फिरवा, मग सेन्स वाढवा. सगळे थेट सेन्स पूर्ण फिरवून मोकळे होतात आणि मग प्रत्येक बोक्याला सलामी देत बसतात.

समाधान झालं की लक्स चंद्राच्या चिन्हाकडे आणि टाइम एक-दोन मिनिटांवर.

सायरन जोडायचा का?

एकट्या बाहेरच्या सेन्सरवर नको. त्याला दिवा आणि बेडरूममध्ये हलका टिंगटाँग पुरे. सायरन दाराच्या मॅग्नेटिक सेन्सरला, म्हणजे दार उघडलं की ओळखणाऱ्या सेन्सरला जोडा. टिंगटाँग वाजल्यावर काठी घेऊन बाहेर धावायचं नाही. आतले दिवे लावा, खिडकीतून बघा, शंका वाटली तर ११२ ला फोन करा.

ठाण्यात येऊर, उपवनच्या बाजूला राहत असाल तर दिव्याचं तोंड खाली वळवा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान लागूनच आहे, जंगलात प्रकाश मारायचं कारण नाही. तिथे दिवा माणसासाठी लागला की बिबट्यासाठी, हे दार उघडून तपासू नका.

सोसायटीत कॉमन पॅसेज किंवा बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं असेल तर आधी सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या. समोरच्यांच्या बेडरूममध्ये उजेड जातोय का, ते त्यांच्या खिडकीत उभं राहून एकदा बघून या. महिन्यातून एकदा लेन्स ओल्या मऊ फडक्याने पुसा, जळमटं काढा. पावसाळ्याआधी आणि नंतर खडूची चाचणी पुन्हा करा.