खुराड्यात तूस अंथरा, आणि मुठीत दाबून पाहा

पावसाळ्यात परसातलं खुराडं ओलं राहतं, उग्र वास डोळ्यांना झोंबतो आणि पिल्लांना रक्ती हगवण लागते. गिरणीतून भाताचं कोरडं तूस आणा. गवतापेक्षा ते कितीतरी बरं. गवत ओलं झालं की चिकटून बसतं.

जमीन कोरडी करून विरलेल्या चुन्याची भुकटी भुरभुरवा, वर २-३ इंच तूस पसरा. दर दोन-तीन दिवसांनी खालीवर करा. मग मूठभर तूस घट्ट दाबा. मूठ उघडताच विखुरलं तर ठीक. लाडू वळला तर तेवढा भाग काढून नवं घाला. पाण्याच्या भांड्याभोवती आधी पाहा, ओल बहुधा तिथूनच सुरू होते.

लहान पिल्लांखाली लाकडाचा बारीक भुसा मात्र नको, खाद्य समजून ती तो टिपतात.