हूडची मागची प्लास्टिकची काच पारदर्शक कशी ठेवावी

सॉफ्ट टॉपची थार असो, जिप्सी असो की जुनी जीप, हूडचं कापड ठणठणीत असतं आणि मागची प्लास्टिकची काच मात्र धुरकट होऊन बसते. रात्री मागच्या गाडीचे दिवे त्या चऱ्यांवर पडले की आरशात नुसता पांढरा झगमगाट दिसतो. दोष उन्हाला दिला जातो आणि ऊन कारण आहेच. पण माझ्या मते पुण्यातल्या बऱ्याचशा काचा रोज सकाळी पार्किंगमध्ये फिरणाऱ्या फडक्याने जातात. सोसायटीत गाड्या पुसणाऱ्यांकडे एक बादली आणि एक फडकं असतं. तेच फडकं आधीच्या गाड्यांच्या चाकांवरून, मडगार्डवरून फिरून आलेलं असतं. खऱ्या काचेला त्याने फारसं काही होत नाही, प्लास्टिकवर मात्र धुळीचा कण न कण चरा ओढतो. म्हणून सगळ्यात आधी त्यांना नीट सांगून ठेवा: "दादा, मागच्या प्लास्टिकला हात लावू नका, ते माझं मी धुतो."

ही काच म्हणजे मऊ पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक असतं, त्यात प्लास्टिसायझर मिसळून ते लवचिक करतात. उष्णतेने हा प्लास्टिसायझर हळूहळू निघून जातो आणि अतिनील किरणांनी प्लास्टिक पिवळं पडतं. मग ते कडक होतं आणि घडीवर तडकतं. हे थांबवता येत नाही, लांबवता येतं.

धुणं

काम सकाळी किंवा संध्याकाळी सावलीत करा, काच हाताला गार लागली पाहिजे. घड्याळ आणि अंगठी काढून ठेवा. आधी फक्त पाणी, आणि भरपूर. वरून खाली धार सोडून धूळ वाहून जाऊ द्या, तोवर काचेला बोटही लावू नका. मग गाडीचा सौम्य शाम्पू पाण्यात घालून मऊ मायक्रोफायबरने वरून खाली सरळ हात फिरवा. गोल गोल घासलं की जाळ्यासारखे चरे उठतात आणि उन्हात तेच डोळ्यांत येतात. हे कापड फक्त या काचेसाठी वेगळं ठेवा. खाली पडलं तर धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नका. पक्ष्याची वाळलेली विष्ठा किंवा झाडाचा चीक खरवडायचा नाही. ओलं कापड दहा मिनिटं त्यावर ठेवलं की तो आपोआप सुटतो.

शेवटच्या पाण्याकडे खास लक्ष द्या. बोअरचं आणि टँकरचं पाणी बहुधा जड असतं, ते काचेवर वाळलं की पांढरे ठिपके राहतात. शेवटी आरओ फिल्टरचं पिण्याचं लिटरभर पाणी ओता. फिल्टरच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र इथे चालणार नाही, त्यात क्षार आणखी जास्त असतात. मग कोरडं मायक्रोफायबर काचेवर पसरून नुसतं दाबा आणि पाणी टिपून घ्या.

घरातल्या काचा पुसायचा स्प्रे इथे नको, कारण त्यात अमोनिया किंवा अल्कोहोल असू शकतं. सॅनिटायझर, पेट्रोल, रॉकेल, थिनर, वर्तमानपत्राचा बोळा, यांतलं काहीही नको.

पॉलिश आणि उन्हापासून बचाव

बारीक चरे प्लास्टिकच्या पॉलिशने बरेच कमी होतात. बाटलीवर मऊ किंवा पारदर्शक प्लास्टिकसाठी असं लिहिलेलं बघून घ्या, बॉडीचं रबिंग कंपाउंड वापरू नका. आतून एका हाताने आधार द्या, बाहेरून हलक्या हाताने थोडा थोडा भाग घ्या. टूथपेस्टचा सल्ला सर्रास मिळतो, मला तो पटत नाही. तिच्यातले कण किती जाड आहेत हे आपल्याला ठाऊक नसतं. नख अडकेल इतका खोल चरा मात्र पॉलिशने जात नाही. शेवटी अतिनील किरणांपासून वाचवणारं प्रोटेक्टंट पातळ लावा. मार्च ते मे महिन्याला एकदा, एरवी दोन महिन्यांतून एकदा पुरे.

काचेवर फिल्म चिकटवू नका. स्टिकरही नकोत. "जय शिवराय" किंवा गडाचं चित्र मागे लावायची हौस आपल्याकडे मोठी आहे, ते पत्र्यावर लावा. प्लास्टिकवर गोंद मुरतो. शिवाय भोवतालची काच पिवळी पडते, स्टिकरखालची पडत नाही, आणि स्टिकर काढला तरी त्याचा आकार तसाच राहतो. दसऱ्याला गाडीची पूजा करताना हळद-कुंकूही बॉनेटवरच लावा. मऊ प्लास्टिक रंग पिऊन घेतं आणि तो डाग सहजासहजी निघत नाही.

हूड उघडताना

सगळ्यात जास्त काचा इथे फुटतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा प्लास्टिक कडक झालेलं असतं. सिंहगडाला पहाटे निघताना हूड उघडायचा मोह आवरा, ऊन लागून काच मऊ झाली की उघडा. मागची चेन असेल तर आधी ती उघडून काच मोकळी करा, मग हूड खाली घ्या. पहिल्या पिढीच्या मझदा एमएक्स-५ ला अशीच चेनवाली प्लास्टिकची काच होती, दुसऱ्या पिढीत कंपनीने खरी काच दिली. काच शक्यतो सपाट ठेवा किंवा सैल गुंडाळा. घडी घालावीच लागली तर मध्ये जुनी मऊ चादर ठेवा, म्हणजे ठळक मोड पडणार नाही.

ओलं हूड मिटून ठेवू नका. ताम्हिणीतून भिजून आलात तर घरी आल्यावर आधी ते उघडं पसरून वाळवा, नाहीतर शिवणीत बुरशी धरते. ओलाव्याने काच दुधाळ दिसू लागली तर घाबरू नका, बहुतेक वेळा वाळल्यावर ती पूर्ववत होते. चेन अडकत असेल तर जुन्या टूथब्रशने माती काढून दातांवर मेणबत्ती घासा. तेल नको, त्यावर धूळ बसते.

बदलायची वेळ आली तर

काच तडकली म्हणून अख्खं हूड टाकायची गरज नाही. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात चौकशी करा, हूड शिवणारा कारागीर जुन्या कापडात नवं प्लास्टिक बसवून देतो. शीट पाऊण ते एक मिलिमीटर जाडीची घ्या. घेण्याआधी ती डोळ्यांसमोर धरून दूरची पाटी वाचून बघा. अक्षरं लाटांसारखी हलली तर ती घेऊ नका, घट्ट गुंडाळून ठेवलेल्या शीटला असे बाक येतात. दोरा पॉलिस्टरचा हवा, सुती दोरा पावसात कुजतो. टाके थोडे लांब घालायला सांगा, कारण फार जवळजवळ भोकं पडली की शीट पोस्टाच्या तिकिटासारखी तिथूनच फाटत जाते.