पोरांना आदर शिकवायचा असेल तर आधी "सॉरी म्हण" बंद करा

मी विदर्भातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधे 22 वर्षं शिकवतोय, सगळी वर्षं कापसाच्या पट्ट्यात आणि बहुतेक सहावी ते आठवीला. आपल्याकडे उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडते, आणि उघडली की आठ दिवसात कोणी ना कोणी नवीन सर नाहीतर मॅडम विचारतात, हे पोट्टे मोठ्यांचा मानच ठेवत नाहीत, काय करायचं? मग स्टाफरूममधून ठरलेले सल्ले येतात. फळ्यावर सुविचार लिहा, परिपाठात बोधकथा घ्या, आदर्श विद्यार्थ्याला बक्षीस द्या. हे सगळं मी वर्षानुवर्षं केलंय. सुविचार फळ्यावर राहतो आणि त्याच फळ्यासमोर पोरं एकमेकांना आईवरून शिव्या देतात. म्हणून जे खरंच चाललं तेवढंच लिहितो. परिपाठ, हजेरी, प्रार्थना तुमचं चालू आहेच असं धरतो.

पहिले आपलं तोंड

आठ दिवस खिशात एक कागद ठेवा आणि आपण पोरांना दिवसभरात कोणकोणत्या शब्दांनी हाक मारली ते संध्याकाळी त्यावर लिहा. ढोर, बैल, बहिरा, "त्या अमक्याचा पोट्टा", बापाच्या धंद्यावरून, रंगावरून, काय काय निघतं ते बघा. माझ्या कागदावर पहिल्याच दिवशी अकरा शब्द होते आणि त्यातलं एकही पोराचं नाव नव्हतं. आपल्या बोलीत "काय बे" हे बरोबरीच्या दोस्तात प्रेमानं चालतं, पोरं आपसात म्हणत असतील तर मी टोकत नाही. पण मास्तरनं पोराला "अबे" म्हणायचं नाही, कारण त्याला उलटून "अबे" म्हणता येत नाही. आणि हे फक्त माझं मत नाहीये, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम 17 मारण्याला जेवढं मना करतं तेवढंच मानसिक त्रासालाही मना करतं. "ढोर आहेस का" हे त्यात बसतं. हजेरीत जे नाव आहे त्या नावानं हाक मारा, एवढंच.

नियम पोरांकडूनच

एका तासात होतं. चारपेक्षा जास्त नकोत आणि त्यांच्याच भाषेत लिहा. आमच्याकडचा सगळ्यात टिकलेला नियम आहे "कोणाच्या मायबापाचं नाव घ्याचं नाही."

झाडू कोणाच्या हातात आहे ते बघा

शाळेत कधी दुपारी सहज चक्कर मारा. वर्ग कोण झाडतंय? बहुतेक ठिकाणी पोरी. पाण्याची टाकी कोण धुतंय? आणि गावातल्या कोणत्या मोहल्ल्यातलं पोरगं आहे ते? याचं उत्तर नीट बघितल्याशिवाय आदरावर एक शब्द बोलू नका. आपल्याकडे मूल्यशिक्षणाची दहा मूल्यं आहेत, पोरांना तोंडपाठ असतात, त्यातलं श्रमप्रतिष्ठा आणि स्त्री-पुरुष समानता ही दोन्ही या झाडूवर ठरतात. हजेरी क्रमांकानं पाळी लावा, पोरं पोरी सगळे, आणि यादीत स्वतःचंही नाव टाका. माझी पाळी शनिवारी असते. पहिल्या शनिवारी पोरं धावत आली झाडू घ्यायला, "सर द्या ना, बरं नाही दिसत", मी दिला नाही. गाडगेबाबा याच मातीतले, 1876 ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मले, ते गावात पोचले की आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. आपण झाडूच घेत नाही आणि थेट कीर्तन सुरू करतो.

आता अवघड जागा: कोणीतरी कोणाचा अपमान केला

वरचं सगळं केलं तरी हे होणारच, आठवड्यातून दोनदा होणार, आणि आदर शिकवायचा खरा तास तोच असतो. मी इथंच जास्तीत जास्त चुका केल्यात म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नोकरीच्या सुरवातीच्या वर्षातली गोष्ट. सातवीतल्या एका पोरानं खिचडीचं ताट सरकवलं आणि वाढणाऱ्या मावशीला म्हणाला, "हे तं कुत्रंबी नाही खात." मावशी गावातलीच, सकाळपासून चुलीजवळ, एवढा मोठा गंज, म्हणजे पातेलं, एकटीनं उतरवायची, आणि घरून मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणून वरून टाकायची कारण पोरांना आवडतं. मला इतका संताप आला की दुसऱ्या दिवशी परिपाठात त्या पोराला पुढं बोलावलं, सगळ्या शाळेसमोर कान धरायला लावले आणि म्हटलं, म्हण सॉरी. तो म्हणाला. मला वाटलं झालं. मावशी स्वयंपाकखोलीच्या दारात उभी होती, हळदीचे हात पदराला पुसत, आणि खाली बघत होती. पोरापेक्षा तिलाच जास्त लाज वाटून राहिली होती, कारण काल जे दहा पोरांनी ऐकलं होतं ते आज सगळ्या शाळेला माहीत झालं. तिला काय पाहिजे हे मी विचारलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात तिची सायकल दोनदा पंक्चर झाली, दोन्ही वेळा बाभळीचा काटा. आणि पोरं तिला "सॉरी मावशी" म्हणू लागली. ते नाव मी दिलं तिला, माझ्या त्या परिपाठानं. आजही त्याचं वाईट वाटतं.

त्यानंतर बरीच वर्षं लागली मला हे बसवायला, आता मी असं करतो.

जागेवर फक्त थांबवायचं. एक वाक्य, शांत आवाजात, "हे इथं चालणार नाही", आणि काम पुढं चालू. तिथंच भाषण सुरू केलं की पोराला प्रेक्षक मिळतात आणि प्रेक्षक असले की कोणतंही पोरगं मागं हटत नाही, तुम्ही हटाल का?

मग आधी ज्याला लागलं त्याच्याकडे जायचं. ज्यानं बोललं त्याच्याकडे नाही! आपण सगळे उलटं करतो, गुन्हेगाराच्या मागं लागतो आणि ज्याला दुखलं ते लेकरू कोपऱ्यात तसंच बसून राहतं. त्याला एकच विचारायचं, तुला आता काय पाहिजे.

ज्यानं बोललं त्याच्याशी शाळा सुटल्यावर, एकट्याशी, आणि बसून. तुम्ही खुर्चीत आणि तो उभा असं नको, दोघं पायरीवर बसा. आणि "का केलं" विचारू नका, याबद्दल माझं मत एकदम पक्कं आहे. "का"चं उत्तर एकतर खोटं येतं नाहीतर "त्यानंच पहिले केलं" असं येतं, आणि मग अर्धा तास कोणी पहिले केलं यातच जातो. मी तीनच गोष्टी विचारतो. काय झालं ते सांग. त्यानं कोणाला काय सोसावं लागलं. आणि आता तू काय करशील.

दुसऱ्या प्रश्नानंतर गप्प बसायचं. हे सगळ्यात कठीण आहे, पोरापेक्षा आपल्याला कठीण, कारण शिक्षकाला गप्प बसायची सवयच नाही. मी खाली मातीकडे बघत बसतो. दोन मिनिटं, कधी पाच. मधे तोंड उघडलं की सगळं वाया जातं, पोरगं "हो सर" म्हणून मोकळं होतं.

तीनेक वर्षांआधी सहावीतली एक पोरगी वाचताना अडखळायची आणि एका पोरानं तिची नक्कल केली, वर्ग हसला. मी म्हटलं, हे इथं चालणार नाही, पुढचा उतारा मी वाचतो. मधल्या सुटीत तिला विचारलं तर ती म्हणाली, "त्याले सगळ्यायसमोर सॉरी म्हणाले लावू नका सर, मंग अजून हासतात." बघा, तिला ते माहीत होतं जे मला कळायला इतकी वर्षं लागली. संध्याकाळी तो आणि मी कडुलिंबाखालच्या पायरीवर बसलो. तो सायकलचं पायडल हातानं उलटं फिरवत होता, चेनचा करकर आवाज येत होता, आणि बराच वेळ तोच एक आवाज. मग म्हणाला, "सगळे हासले तं मले बरं वाटलं." मी काही बोललो नाही. "अन् तिचं वाचन राहून गेलं." तुमच्यासमोर कोणतं पोरगं असं खरं बोललं तर त्याला तिथंच रागवू नका, एवढं खरं तर मोठी माणसंसुद्धा बोलत नाहीत.

काय करशील म्हटलं तर तो म्हणाला, मी तिच्यासंगं बसून वाचतो. मी दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, ती नाही म्हणाली. तिला फक्त एवढंच पाहिजे होतं की ती वाचताना त्यानं मागं वळून बघू नये. मला वाटलं हे फार छोटं आहे, पण ठरवायचा हक्क तिचा होता. तो खरंच समोर बघून बसायचा, मान एकदम ताठ. दिवाळीनंतर तिनं स्वतः हात वर केला, तेव्हा एकजण खुसखुसला आणि याच पोरानं त्याला "चूप बस बे" म्हटलं. मी त्याला त्या "बे"वरून टोकलं नाही.

इथं तीन ठिकाणी जपा. एक, भरपाई पोरानं सुचवलेली आणि समोरच्यानं कबूल केलेली पाहिजे, तुम्ही लादली की ती शिक्षा होते. दोन, भरपाई म्हणून झाडलोट किंवा संडास साफ करायला कधीच लावू नका, कोणत्याच पोराला नाही, नाहीतर झाडू म्हणजे शिक्षा हे पक्कं होतं आणि आधी पाळी लावून जे कमावलं ते सगळं गेलं. तीन, एकदा मिटलं की मिटलं, पालकसभेत ते परत काढायचं नाही.

आणि काही गोष्टी पायरीवर बसून मिटवायच्या नसतातच. जातीवरून बोलणं, चार पोरांनी मिळून एकाला रोज मारणं, हे त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे गेलं पाहिजे. पोरीच्या किंवा पोराच्या अंगाला वाईट हेतूनं हात लावला असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, गावात मिटवू म्हणणाऱ्याचं ऐकू नका. 1098 हा मुलांच्या मदतीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर वर्गात भिंतीवर लिहून ठेवा, पोरांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.

घरी काय सांगायचं

छोट्या गोष्टी घरी सांगू नका. मी एकदा सांगितल्या आणि बापानं पोराला पराटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काडीनं झोडपलं, पोरगं आठ दिवस माझ्याशी बोललं नाही आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही. कापूस वेचणीच्या दिवसात तर पालकांना दिवसा शाळेत बोलावूच नका, मजुरी बुडते आणि तो राग शेवटी पोरावरच निघतो. संध्याकाळी तुम्हीच जा, ओट्यावर बसा, चहा घ्या, पहिले पोराचं काय चांगलं आहे ते सांगा. पालक वाचत असतील तर त्यांना एकच म्हणणं आहे, घरात आजीला "ए म्हातारे, चूप बस" म्हटलं जात असेल तर शाळेत मावशीला काय म्हटलं जाईल ते तुम्हीच बघा.

पोरगं तुमची चूक काढतं तेव्हा

मागल्या वर्षी फळ्यावर मी गणितात हातचा विसरलो. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हातचा राह्यला." मी म्हटलं हो, राहिलाच, धन्यवाद, आणि दुरुस्त केलं. एवढंच करायचं. बरेच शिक्षक इथं म्हणतात "शहाणा आहेस का जास्त", आणि पोरगं त्या दिवशी शिकतं की आदर म्हणजे मोठ्याची चूक दिसली तरी गप बसणं. मला तसा आदर नको. भीतीनं उभी राहणारी पोरं तुम्ही वर्गाबाहेर गेल्यावर काय करतात ते एकदा खिडकीतून बघा.

जमतंय की नाही कसं कळेल

चाचणी घेऊ नका, तोंडी परीक्षाही नको, पोरं मूल्यं पाठ करून दाखवतात. महिन्यातून एकदा खिचडीच्या वेळेला रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहा, ताट हातात घेऊन, काही न बोलता. पहिलीचं सगळ्यात लहान लेकरू रांगेत कुठं आहे ते बघा. मागं ढकललं गेलंय का, की आठवीच्या पोट्ट्यांनी त्याला पुढं जागा दिली? वाढणारीला पोरं "मावशी" म्हणतात की "ए खिचडीवाली"? ते लेकरू मागं असेल तर कोणाला रागवू नका, सोमवारी खिशात परत कागद टाका आणि आपल्या तोंडापासून सुरू करा.