पिशवीतला टोमॅटो आणि फौंड्रीतली मूठ

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी अकरा वर्षं वाळू तपासायचं काम केलं. साच्याची वाळू मुठीत घट्ट दाबायची, मूठ उघडायची, गोळ्यावर बोटांचे ठसे उमटलेत का बघायचं आणि तो मधोमध मोडायचा. कड सरळ तुटली तर वाळू बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी, हाताला चिकटली तर जास्त. लॅबचा आकडा नंतर यायचा, मूठ आधी सांगायची. पुढे टोमॅटोच्या नादाला लागलो तेव्हा हीच मूठ कामाला आली. पण ती इथंही चालते हे कळेपर्यंत एक अख्खा हंगाम वाया गेला होता.

पाचगावच्या बाजूला आमची थोडी पड जागा होती. तिथं २० बाय २५ फुटांचं पॉलिहाऊस उभं केलं. जीआय पाइप, वर २०० मायक्रॉनचा प्लास्टिक पेपर, चारी बाजूंना ४० मेशची जाळी. शेजारच्या उसातले काका बांधावर येऊन उभे राहिले. "का रं, जमीन कमी पडली व्हय? पिशवीत लावतोयस ते?"

प्रश्न बरोबर होता. जमिनीत लावायला कुणाची ना नव्हती. पण पॉलिहाऊसच्या आत तीच तीच जमीन वर्षानुवर्षं टोमॅटोखाली राहिली की सूत्रकृमी, म्हणजे मुळांवर जगणारे बारीक जंत, आणि मर रोग घर करतात, आणि पीक बदलून जमिनीला विसावा देण्याइतकी जागा माझ्याकडं नव्हती. पिशवीत माध्यम, म्हणजे मुळं ज्यात वाढतात तो भराव, दरवर्षी नवं भरता येतं. एका पिशवीत मर लागली तर ती उचलून बाहेर टाकायची, बाकीची झाडं वाचण्याची शक्यता बरीच.

हे सगळं पटवून मी केलं काय, तर काकांच्याच रानातली काळी माती पिशव्यांत भरली. फुकट मिळाली. पहिले तीन आठवडे झकास. मग माती वाळली की आक्रसून पिशवीच्या कडेपासून सुटायची, आणि दिलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली. वरून बघावं तर पाणी दिलंय, खालून गळतंयसुद्धा, आणि झाड मात्र दुपारी मान टाकतंय. घाबरून जास्त पाणी दिलं की आत चिखल आणि मुळं कुजलेली. शेतात मातीला खाली कुठंतरी निचरा असतो, मुळांना पळायला जागा असते. पिशवीत वीस लिटरच्या बाहेर जग नाही.

आता मी भरतो ते असं: साठ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वीस भाग चांगलं कुजलेलं गांडूळखत, वीस भाग भाताचं तूस. तूस आपल्याकडं गिरणीत सहज मिळतं आणि माध्यम मोकळं ठेवतं. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजून साधारण सत्तर लिटर होते. ती नुसती भिजवून भरू नका. आधी दोन-तीन पाण्यांनी धुवा, खारटपणा जाऊ द्या. मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर ठेवा आणि निथळा. काथ्याच्या अंगी सोडियम आणि पोटॅशियम चिकटलेलं असतं, ते सोडून तो कॅल्शियम धरून बसतो. आधीच त्याचं पोट भरलं नाही, तर झाडाच्या वाट्याचा कॅल्शियम तोच खातो.

पिशवी वीस लिटरचीच घ्या, बाहेरून पांढरी. दहा लिटरमध्येही झाड येतं, पण मार्चमध्ये तुम्हाला दिवसभर पाण्यासाठी धावायला लावतं. पिशव्या विटांवर ठेवा, खाली पाणी साचता कामा नये. पहिल्या वर्षी मी हावरटपणानं १४० पिशव्या कोंबल्या होत्या, आता ९० ठेवतो. माल कमी झाला नाही.

रोप कुठलं? दुकानात 'इनडिटरमिनेट' म्हणून मागा, म्हणजे शेंडा थांबत नाही, सुतळीवरून वरच्या तारेकडं चढत राहतो. अर्का रक्षक ही बेंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेची जात पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देते. पण तिची वाढ काही उंचीनंतर थांबते, आठ फुटांवरच्या तारेचा तिला उपयोग नाही. उघड्यावर लावायला उत्तम.

लागवड सप्टेंबरच्या मध्याला. पॉलिहाऊस आहे म्हणून जूनमध्ये लावायचा मोह होतो, कारण बाहेर टोमॅटो महाग असतो. मी लावून पाहिलाय. आपल्याकडं पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. रोपं उजेडासाठी उंच आणि बारीक होतात, आत हवा दमट, पानांवर बुरशी. सप्टेंबरात लावलं की नोव्हेंबरअखेर पहिला तोडा येतो आणि थंडीच्या रात्री फळधारणेला मानवतात. रोप लावताना खालची पानं काढून खोडाचा निम्मा भाग गाडा. टोमॅटोच्या खोडाला, माध्यमात गेलं की, जागोजाग मुळं फुटतात.

आता पाणी. यावर जास्त लिहितो, कारण नवीन माणूस खताच्या डब्यांकडं बघत बसतो आणि इकडं मार खातो. मोठं झाड फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी पितं. हे एकदम दिलं तर निम्मं वाहून जातं. मी ड्रिपनं दिवसात चार-पाच वेळा थोडं थोडं देतो, पहिलं सूर्य वर आल्यावर, शेवटचं चारच्या आत. रात्री माध्यम जरा कमी ओलं राहिलेलं बरं, मुळांना हवा मिळते.

किती द्यायचं हे परातीवर ठरतं. मधल्या ओळीतल्या एका पिशवीखाली आईची जुनी जर्मनची परात ठेवलीय. त्या पिशवीचा ड्रिपर दिवसभरात किती सोडतो ते एका बाटलीत मोजलेलं आहे. संध्याकाळी परातीत गळलेलं पाणी मापानं मोजतो. दोन लिटर दिलं आणि तीनशे-चारशे मिली गळलं तर ठीक, म्हणजे पंधरा ते वीस टक्के. काहीच गळलं नाही तर झाड तहानलेलं आहे आणि खताचं मीठ आत साचतंय. त्याहून जास्त गळलं तर पैसे वाहून जातायत. आणि सकाळी फौंड्रीची मूठ: एका पिशवीत चार बोटं खोल हात घालून माध्यम काढायचं, दाबायचं. बोटांच्या फटीतून दोन-तीन थेंब यावेत. धार लागली तर पहिलं पाणी उशिरा. थेंबच नाही तर लगेच. परात आणि मूठ दोन्ही एकच सांगत असतील तर मी निवांत चहा पितो.

पाण्याची वेळ चुकली की सगळ्यात आधी फळाचं बूड काळं पडतं. लोक कॅल्शियमची फवारणी मारतात. बहुतेक वेळा कॅल्शियम माध्यमात असतोच, पण तो पाण्याबरोबरच वर चढतो, आणि एक दिवस कोरडं, एक दिवस भरपूर असं झालं की तो फळापर्यंत पोचत नाही. काळं बूड दिसलं की मी डबा उघडत नाही, ड्रिपर बघतो.

खताची माझी फजितीही सांगून टाकतो. एका दुकानदारानं सांगितलं, "सगळं एकाच टाकीत टाका साहेब, काही होत नाही." मी कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट एकत्र कालवलं. घट्ट द्रावण होतं, तळाशी चुन्यासारखा पांढरा गाळ बसला आणि दुसऱ्या दिवशी सव्वीस ड्रिपर बंद. एकेक काढून सुईनं टोचत बसलो. कॅल्शियम सल्फेटबरोबर आणि फॉस्फेटबरोबर घट्ट द्रावणात टिकत नाही, म्हणून दोन टाक्या वेगळ्या. सुरुवातीला एकोणीस-एकोणीस-एकोणीस (खताच्या पोत्यावरचे नत्र, स्फुरद, पालाशचे आकडे), फुलं लागली की झिरो बावन्न चौतीस, फळं फुगताना तेरा-शून्य-पंचेचाळीस, आणि दुसऱ्या टाकीतून कॅल्शियम, दिवसाआड. पाण्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये ठेवा. ईसीचं, म्हणजे पाण्यात खत किती विरघळलंय ते दाखवणारं, स्वस्तातलं मीटर घेतलंत तरी चालेल, पण घ्या. मी रोपाला दीड आणि फळावर आलेल्या झाडाला अडीचच्या आसपास ठेवतो.

झाड एका खोडावर चालवायचं. पानाच्या बगलेतला फुटवा बोटभर व्हायच्या आत सकाळी मोडायचा, जखम दिवसभरात वाळते. आठवड्यातून दोनदा करायची ही फेरी चुकवली की झाडाचं झुडूप होतं आणि मग कात्री लावताना जीव तुटतो. सुतळी तारेला थेट बांधू नका, वर हुकावर दोन-तीन मीटर गुंडाळून ठेवा. शेंडा तारेला पोचला की सुतळी सोडून झाड खाली उतरवायचं आणि तोडा झालेलं नागडं खोड पिशव्यांच्या कडेनं आडवं ठेवायचं. हंगाम संपताना माझी काही झाडं टेपनं मोजली तर चौदा फुटांच्या वर भरली. एका घोसात चार-पाच फळंच ठेवतो, बाकीची खुडतो. पहिल्या वर्षी आई म्हणाली होती, "अरे, हाती आलेलं का तोडतोयस?" आता तीच खुडते.

जाळीमुळं पांढरी माशी अडते, पण वाराही अडतो आणि मधमाशीही. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर धरतं, फक्त ते हलावं लागतं. साडेदहा-अकराला, दव उडाल्यावर, मी काठीनं तारेवर टकटक करत जातो. घोस जवळून बघायचा असेल तर सेलवरचा जुना टूथब्रश चालू करून देठाला लावतो. अंगठ्याचं नख फुलाखाली धरलं की त्यावर पिवळी पिठी पडते. पिठी पडली की काम झालं. ढगाळ दमट दिवशी पराग ओला राहतो, पडत नाही. रात्र फार उबदार झाली की फुलं देठापासून गळतात. मार्चच्या मध्यानंतर ३५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट वर ओढतो. तरी एप्रिलात फळ लाल व्हायच्या ऐवजी नारिंगी राहतं, कारण तीस अंशांच्या वर लाल रंग नीट तयार होत नाही. तेव्हा मी थांबतो.

कीड-रोगाचं थोडक्यात. दारं दोन ठेवा, एक लागलं की दुसरं उघडायचं. पिवळे चिकट सापळे शेंड्याच्या उंचीवर. पानात वेडेवाकडे, फुगलेले पांढरट चट्टे आणि फळाला टाचणीएवढी भोकं दिसली तर ती टुटा अळी, २०१४ मध्ये महाराष्ट्रातच देशात पहिल्यांदा सापडलेली. कामगंध सापळा (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारा) लावा, ती पानं पिशवीत बांधून बाहेर न्या, आतच फेकू नका. शिकायला जायचं असेल तर तळेगाव दाभाड्याला पॉलिहाऊसचं प्रशिक्षण मिळतं, आणि जवळ कणेरीचं कृषी विज्ञान केंद्र आहे. मी दोन्हीकडं उशिरा गेलो.

पैशाचं खरं सांगतो. गेल्या हंगामात झाडामागं साडेपाच-सहा किलो माल निघाला. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात टाकला तर भाव उघड्यावरच्या टोमॅटोचाच लागतो, तिथं पिशवीतला की रानातला कुणी विचारत नाही. "भावा, लाल हाय न्हवं? मग झालं," एवढंच. त्यामुळं मी माल चार हॉटेलांना आणि कॉलनीतल्या पंचवीस घरांना ठरलेल्या दरानं देतो. ९० पिशव्यांत नोकरी सुटत नाही. मी अजून आठवड्यातून तीन दिवस फौंड्रीत जातो. गिऱ्हाईक आधी जोडा, पिशव्या नंतर वाढवा.

हंगाम संपला की जुनं माध्यम टोमॅटोला परत वापरत नाही. ते काकांच्या बांधावरच्या शेवग्याला जातं. यंदा त्यांनी पाच रिकाम्या पिशव्याही मागून नेल्यात. काय लावणार ते सांगत नाहीत.