जर्मन लष्करी गणवेश जमवताय? या चुका टाळा

माझ्या संग्रहातला पहिला ‘दुसऱ्या महायुद्धातला’ जर्मन कोट पूर्व जर्मनीचा निघाला. नोकरीनिमित्त जर्मनीत असताना एका रविवारच्या जुन्या बाजारात तो दिसला. करडा रंग, चार खिसे, दाणेदार बटणं, कॉलरवर दोन समांतर पट्ट्या. विकणारा म्हणाला, आजोबांचा आहे, १९४२ चा. घासाघीस केली आणि छाती फुगवून घरी आलो. तीन आठवड्यांनी आतल्या खिशात सहज बोटं घातली, तर शिवणीत अर्धी अडकलेली एक कापडी चिठ्ठी हाताला लागली. तिच्यावर तीन अक्षरं होती, फाउ-ए-बे. म्हणजे ‘फोल्क्सआयगनर बेट्रीब’, पूर्व जर्मनीतला सरकारी मालकीचा कारखाना. आजोबा खरे असतीलही, पण त्यांचं युद्ध दुसरं महायुद्ध नव्हतं.

आधी देश आणि दशक ठरवा

पूर्व जर्मनीची सेना १ मार्च १९५६ ला उभी राहिली. तिच्या गणवेशाची शिवण रशियन वळणापेक्षा जुन्या जर्मन वळणाच्या जास्त जवळची होती. १९९० मध्ये ती सेना संपली आणि तिचा माल जुन्या बाजारात ढिगाने आला. आकाराचा शिक्का ‘एम ४८’, ‘जी ५२’ असा एक अक्षर आणि एक आकडा इतकाच असेल, तर तिथेच थांबा.

फिनलंडचा १९३६ च्या नमुन्याचा कोटही असाच फसवतो. त्याच्या बटणावर सिंह असतो. आता गंमत बघा, पहिल्या महायुद्धातल्या बव्हेरियन ब्लाउजच्या (सैनिकी कोटाच्या) बटणावरही सिंहच असतो आणि प्रशियाच्या बटणावर मुकुट. त्यामुळे सिंह दिसला की ‘बव्हेरिया!’ म्हणून नाचू नका. फिनलंडचा सिंह तलवार उगारलेला असतो.

बिल्ल्यावरून सुरुवात करू नका

नवशिक्या माणूस आधी गरुडाचा बिल्ला बघतो, मग कॉलर आणि कापड सगळ्यात शेवटी. खरं तर क्रम उलटा हवा. बिल्ला दहा मिनिटांत शिवता येतो. कोटाची बेतणी बदलायची तर अख्खा कोट उसवावा लागतो.

हिटलरकाळातल्या पायदळाच्या शिपायाचा कोट घ्या. १९३६ च्या नमुन्याला गडद हिरवी कॉलर, पुढे पाच बटणं, चार खिशांना मधोमध प्लीट (उभी चुणी) आणि खिशाच्या झापेला नक्षीदार वळण. १९४० पासून कॉलर कोटाच्याच करड्या कापडाची झाली. पुढच्या वर्षी बटणं सहा झाली. मग प्लीट गेली आणि १९४३ मध्ये झापेचं वळणही गेलं, सरळ रेघ उरली. १९४४ चा नमुना तर ब्रिटिश बॅटलड्रेससारखा आखूड, दोनच खिशांचा, तपकिरीकडे झुकलेल्या रंगाचा. युद्ध जसजसं अंगावर आलं, तसतशी कापडात आणि शिलाईत काटकसर सुरू झाली, हेच या बदलांमागचं कारण. लोकरीत कृत्रिम धागाही वाढत गेला. हाताला तो कोट कोरडा आणि निर्जीव लागतो. ‘एम४१’, ‘एम४२’ ही नावं मात्र संग्राहकांनी नंतर सोयीसाठी पाडलेली आहेत. १९४१ च्या सरकारी कागदात ‘एम४१’ लिहिलंय असं कुणी सांगितलं, तर त्याचं बाकीचं बोलणंही जपून ऐका.

तारखांचा नियम एकाच दिशेने चालतो, आणि इथे भलेभले चुकतात. जुन्या कोटावर नवं चिन्ह चालतं, कारण १९३६ च्या नमुन्याचे कोट दुरुस्त करून पुढेही वापरात होते. नव्या कोटावर जुना गरुडही चालतो. शिपायांना जुना डौल आवडायचा, काहीजण करड्या कोटाला मुद्दाम हिरवी कॉलर लावून घ्यायचे. (आजचे विक्रेतेही लावतात, हेतू वेगळा.) चालत नाही ते एकच, नमुना निघण्याआधीच्या सालाचा दावा. सरळ झापेचा कोट दाखवून ‘पोलंडवरच्या स्वारीतला, १९३९’ असं कुणी म्हणालं, तर नमस्कार करून पुढे चला.

शिक्का नाही म्हणजे खोटा, असं नव्हे

शिपायाच्या कोटाच्या अस्तरावर शाईने पाच मापं छापलेली असतात : कॉलर, छाती, पाठीची उंची, एकूण लांबी, बाही. शेजारी गोदामाचं अक्षर आणि साल, उदाहरणार्थ ‘बी ४०’ म्हणजे बर्लिन, १९४०. ‘ई’ म्हणजे एरफुर्ट, ‘एम’ म्हणजे म्युनिक. युद्धाच्या उत्तरार्धात कारखान्याच्या नावाऐवजी सांकेतिक आकडे येऊ लागले. टेप घ्या आणि मापं स्वतः मोजा. छातीचा आकडा आणि प्रत्यक्ष छाती जुळत नसेल, तर शिक्का नंतरचा आहे किंवा कोट कुणीतरी आत घेतलाय.

अधिकाऱ्यांचं मात्र वेगळं. ते कोट स्वतःच्या शिंप्याकडून शिवून घ्यायचे. तिथे गोदामाचा शिक्का नसतोच. फार तर आतल्या खिशात शिंप्याची चिठ्ठी. शिक्का नाही म्हणून मी असा एक चांगला कोट सोडून दिला होता. अजून आठवतो.

कवटी दिसली की एसएस?

नाही. एसएस म्हणजे हिटलरच्या पक्षाचं वेगळं सशस्त्र दल. रणगाडा दलाच्या काळ्या, आखूड जॅकेटच्या कॉलरवर गुलाबी काठाच्या काळ्या पट्टीत कवटी असायची, आणि ते दल साध्या लष्कराचं होतं. गरुड कुठे आहे ते बघा. लष्कराचा गरुड उजव्या छातीवर, एसएसचा डाव्या बाहीवर. हवाई दलाचा गरुड उडता असतो आणि कापड निळसर करडं. ‘एसएस’ म्हटलं की किंमत कितीतरी पट होते, त्यामुळे सगळ्यात जास्त नकलाही त्यातच आहेत. पहिली पाच वर्षं त्या वाटेलाच जाऊ नका.

गरुडाच्या खाली बघा

युद्ध संपल्यावर असंख्य कोटांवरची चिन्हं काढली गेली. कोट रंगवून, बटणं बदलून लोकांनी शेतावर, कारखान्यात घातले. असा उघडाबोडका कोट प्रामाणिक असतो. अडचण होते, कुणीतरी त्यावर पुन्हा गरुड बसवून ‘मूळ अवस्थेत’ म्हणून विकतो तेव्हा.

माझ्याकडच्या १९४० च्या एका कोटावर हेच झालं होतं. गरुडाची एक कड किंचित सुटली होती, तिथून भिंग लावून आत पाहिलं. ऐंशी वर्षं झाकलेलं कापड बाहेरच्यापेक्षा गडद आणि लव शाबूत असलेलं हवं. इथे आतलं कापड बाहेरच्याइतकंच विटलेलं, आणि आताच्या टाक्यांच्या बाजूला जुन्या टाक्यांच्या रिकाम्या भोकांची दुसरी रांग, दोन मिलिमीटर सरकलेली. म्हणजे गरुड पूर्वी होता, पण हा नव्हे. कसरीने खाल्लेली वाट बिल्ल्याखाली शिरते का, हेही बघतात. पण कसर लोकर खाते. रेशमासारख्या कृत्रिम धाग्यात विणलेला बिल्ला ती सोडून देते. त्यामुळे कापड खाल्लंय आणि बिल्ला शाबूत आहे, एवढ्यावरून निकाल देऊ नका.

अतिनील दिव्याचंही तसंच. युद्धानंतरच्या धाग्यात आणि साबणात चकाकी आणणारी रसायनं आली, त्यामुळे नवा धागा अंधारात निळा-पांढरा चमकतो. पण अस्सल कोट कुणी आजच्या पावडरीत धुतला असेल तर तोही चमकेल, आणि हुशार नक्कलकार न चमकणारा धागा वापरतो. दिवा शंका देतो, उत्तर देत नाही.

आपल्याकडचे दोन धागे

‘फ्राइएस इंडिएन’ (स्वतंत्र भारत) लिहिलेला, तिरंग्यावर झेपावणाऱ्या वाघाचा बिल्ला भारतीय संग्राहकाला हमखास मोहात पाडतो. सुभाषचंद्र बोसांच्या पुढाकाराने जर्मनीत युद्धकैद्यांमधून उभी राहिलेली ती रेजिमेंट क्रमांक ९५०. माणसं तीन हजारांच्या आसपास, आणि बाजारात फिरणारे वाघ त्याहून जास्त असावेत असं मला वाटतं. हे सैनिक नेहमीचाच जर्मन कोट घालत, तेव्हा वर सांगितलेल्या सगळ्या कसोट्या इथेही लावा. सुटा बिल्ला तर शक्यतो घेऊच नका.

दुसरा धागा घरातला असू शकतो. मराठा लाइट इन्फंट्री इटलीत जर्मनांशी लढली. नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मधल्या लढाईसाठी मरणोत्तर, आणि शिपाई नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिथून परतलेल्या एखाद्या आजोबांच्या ट्रंकेत ‘गॉट मिट उन्स’ (देव आमच्यासोबत) लिहिलेलं पट्ट्याचं बक्कल असेल, तर त्याला चिंच-मीठ लावून घासू नका. पुष्कळ बकलं पितळेची नाहीतच, अ‍ॅल्युमिनियमची किंवा रंग दिलेल्या लोखंडाची आहेत. मूळ रंग गेला की गेला.

धुणं आणि ठेवणं

कोट धुवू नका. शिक्क्याची शाई पसरते आणि कृत्रिम रेशमाचं अस्तर ओलं झालं की कमजोर पडून फाटतं. मऊ ब्रशने धूळ झाडा, बस. तारेच्या हँगरने खांदे फाटतात. रुंद लाकडी हँगरला मांजरपाट गुंडाळा. नवा आलेला कोट घट्ट प्लॅस्टिक पिशवीत बंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवला की कसरीची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर मुंबई-कोकणातल्या हवेत कापडावर दव जमतं.

आणि जर्मनीत असाल तर नाझींचा वाकड्या टोकांचा क्रॉस उघड्यावर दाखवू नका; तिथल्या दंडसंहितेचं कलम ८६अ त्यासाठीच आहे. म्हणून तिथले विक्रेते गरुडाच्या पायाखालच्या त्या क्रॉसवर चिकटपट्टी लावतात. ती चिकटपट्टी ओढून काढू नका, खाली लोकरीची लव निघून येते. मी पहिल्यांदा ओढली होती. शेजारी उभी असलेली आई म्हणाली, “अरे, हा आपला स्वस्तिक का?” मी नाही म्हटलं. मग तिने तो कोट देवघराच्या खोलीतून हलवायला लावला.